कार्व्हर सरांचा तास

फेब्रुवारी महिना होता. आमची लेक तेव्हा चौथीत होती. ब्लॅक हिस्टरी मंथनिमित्त वर्गातल्या प्रत्येकाला एकेका थोर व्यक्तीवर पोस्टर करायचं होतं आणि हिच्या चिठ्ठीत निघाले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. रविवारी रात्री नऊ वाजता (शाळेची प्रोजेक्ट्स नेमकी रविवारी रात्री नऊलाच का आठवतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही!) डायनिंग टेबलवर पोस्टर बोर्ड, मार्कर्स, ग्लू असा सगळा पसारा मांडलेला. मधोमध पीनट बटरच्या बरणीचं लेबल चिकटवलेलं आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, की पीनट बटरचा शोध लावणारा शास्त्रज्ञ तो हाच.

आता कार्व्हर म्हटलं की आपल्या मराठी माणसाचे कान टवकारतातच. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं आणि घरोघरी पोचलं. कुणाला ते शाळेत बक्षीस मिळालं, कुणाला मुंजीत. अमेरिकेला येताना सामानाचं वजन वाढतंय म्हणून बाकीची पुस्तकं बाहेर काढली, पण ते मात्र बॅगेत राहिलं, असं सांगणारे तिघं-चौघं तरी मला इथे भेटले आहेत. तेव्हा मी मोठ्या अधिकाराने लेकीला सांगितलं, की पीनट बटर काही कार्व्हरांचं नाही. कॅनडातल्या एडसन नावाच्या गृहस्थांनी शेंगदाण्याच्या पेस्टचं पेटंट १८८४ सालीच घेतलं होतं. तेव्हा कार्व्हर विशीतला पोरगा होता, त्याने कॉलेजचं तोंडही पाहिलं नव्हतं.

लेकीने मार्कर खाली ठेवला आणि विचारलं, मग तो एवढा मोठा कशामुळे? मी म्हटलं, अगं, त्यांनी शेंगदाण्यापासून तीनशे वस्तू बनवल्या! तिचा पुढचा प्रश्न, त्यातली आपल्या घरात कुठली आहे? मी स्वयंपाकघराकडे बघितलं, बाथरूमच्या कपाटाकडे बघितलं... आणि गप्प बसले.

त्या रात्री पोस्टर कसंबसं पुरं झालं, पण प्रश्न माझ्या मनात राहिला. मग लायब्ररीतून कार्व्हरांची चरित्रं आणून वाचायला लागले. तेव्हा कळलं, की इतिहासकारांनाही हाच प्रश्न पडला होता. त्या तीनशेच्या यादीत बऱ्याच वस्तू एकमेकींच्या जुळ्या बहिणी आहेत, काही पाककृती आधीपासून प्रचलित होत्या. पेटंट्स म्हणाल तर १९२५ ते १९२७ या काळात तीनच, सौंदर्यप्रसाधन आणि रंगांची. त्यातलं एकही बाजारात चाललं नाही. पण त्याच चरित्रांमधून दुसरा एक कार्व्हर समोर आला. तो मास्तर होता, आणि शिकवताना त्याला होणारा आनंद पोरांना अगदी समोर दिसायचा.

मिसुरी राज्यात, डायमंड नावाच्या खेड्याजवळ १८६४ च्या सुमारास जॉर्जचा जन्म झाला. सुमारास म्हणायचं, कारण गुलामाच्या पोराची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? आई मेरी ही मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याची गुलाम. यादवी युद्धाच्या धामधुमीत लुटारूंनी तान्ह्या जॉर्जला आणि त्याच्या आईला पळवून नेलं. मोझेसने माणूस पाठवून शोध घेतला, पण परत आलं ते एकटं पोर, खोकल्याने घुसमटलेलं, मरणाच्या दारातलं. त्याच्या बदल्यात एक घोडा द्यावा लागला असं सांगतात. आई पुन्हा कधी दिसलीच नाही. मोझेस आणि सुझन या जोडप्याने जॉर्जला आणि त्याच्या मोठ्या भावाला, जिमला, घरात वाढवलं. जॉर्ज इतका अशक्त, की शेतातली जड कामं त्याला झेपेनात. म्हणून सुझनबाईंच्या हाताखाली तो शिवण, धुणं, स्वयंपाक शिकला. आवाज कायमचा पातळ आणि किनरा राहिला. उरलेला वेळ रानात. लोक आपली सुकलेली रोपटी त्याच्याकडे आणून द्यायचे, झाडांचा डॉक्टर म्हणायचे.

जवळच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलाला प्रवेश नव्हता. म्हणून सुमारे आठ मैलांवरच्या निओशो गावी तो एकटाच गेला. तिथे मराया वॉटकिन्स या बाईंनी त्याला आसरा दिला. मास्तरांना येत होतं तेवढं थोड्याच दिवसांत शिकून झालं. पुढे कॅन्ससमध्ये गावोगाव भटकत, लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून त्याने हायस्कूल पुरं केलं. फोर्ट स्कॉट गावात १८७९ साली एका कृष्णवर्णीय माणसाला जमावाने ठार मारताना त्याने पाहिलं आणि तो तिथून निघून गेला. हायलंड इथल्या कॉलेजने पत्राने प्रवेश दिला, पण प्रत्यक्ष दारात उभा राहिल्यावर, रंग बघून, परत पाठवलं.

शेवटी १८९० साली आयोवातल्या सिम्पसन कॉलेजने त्याला घेतलं. फी भरल्यावर खिशात दहा सेंट उरले होते. त्यात पाच सेंटचं मक्याचं पीठ आणि पाच सेंटची चरबी, यावर आठवडा निघाला. शिकायला गेला चित्रकला. चित्रकलेच्या शिक्षिका होत्या एट्टा बड. या मुलाचा हात चांगला आहे हे त्यांनी ओळखलंच, पण तो काढतो ती फुलंपानं, त्याने कलमं करून वाढवलेली रोपं, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांचे वडील एम्सच्या आयोवा शेतकी कॉलेजात फळबागशास्त्राचे प्रोफेसर होते. बाईंनी त्याला तिकडे जायचा आग्रह केला. आपला चांगला विद्यार्थी आपणच दुसऱ्या वर्गात पाठवायला मन मोठं लागतं. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याच्या निवडुंगाच्या चित्राला प्रशस्ती मिळाली, यावरून बाईंनी काय सोडलं ते लक्षात येतं.

एम्सला जॉर्ज हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. सुरुवातीला जेवायला तळघरात बसवत. १८९४ साली पदवी मिळाली, पाठोपाठ तिथेच शिकवण्याचं काम मिळालं. १८९६ साली मास्टर्स झाली. आणि याच काळातली एक गोष्ट मला सगळ्यात आवडते.

एम्सला वॉलेस नावाचं कुटुंब होतं. त्यांच्या पाच-सहा वर्षांच्या हेन्रीला कार्व्हर आपल्याबरोबर रानात फिरायला न्यायचे. एकीकडे अंगापिंडाने उंच, किनऱ्या आवाजाचा मास्तर आणि दुसरीकडे बोट धरून चालणारं पोर. गवताचं एवढंसं फूल उलगडून मास्तर त्याला पुंकेसर, स्त्रीकेसर दाखवायचे. पुढे कार्व्हर सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, की या चिमुरड्याने गवताच्या फुलाचे भाग बरोबर ओळखले. गंमत म्हणजे मोठेपणी हेन्री वॉलेसने कबूल केलं, की आपण तसं काही ओळखलं असेल असं आपल्याला वाटत नाही! पण मास्तरांचा आपल्यावर इतका विश्वास होता, की त्या विश्वासाला उतरावं अशी ओढ लागली.

हा हेन्री वॉलेस शाळकरी वयातच मक्याचे प्रयोग करायला लागला. दिसायला सुंदर कणीस म्हणजे जास्त उत्पन्न, हा त्या काळच्या तज्ज्ञांचा समज त्याने स्वतः पेरून, मोजून खोटा ठरवला. १९२६ साली संकरित मक्याची कंपनी काढली. १९३३ मध्ये तो अमेरिकेचा कृषिमंत्री झाला, १९४१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. १९४० च्या अखेरीस मेक्सिकोचा दौरा करून आल्यावर त्याने तिथल्या शेतीला मदत करण्याचा आग्रह रॉकफेलर फाउंडेशनकडे धरला. त्यातून निघालेल्या कार्यक्रमात १९४४ साली नॉर्मन बोरलॉग दाखल झाले आणि त्यांच्या गव्हाचं बियाणं १९६० च्या दशकात आपल्या भारतात पोचलं. रेशनच्या रांगेत उभं राहून अमेरिकेचा लाल गहू ज्यांनी आणला असेल, त्या आपल्या आईवडिलांना विचारा, या बियाण्याची किंमत काय होती ते. या सगळ्याचं श्रेय कार्व्हरांना देणं भाबडेपणाचं होईल, मध्ये शेकडो माणसांचे हात आहेत. पण त्या साखळीतल्या एका कडीवर एक मास्तर गवताचं फूल हातात धरून उभा आहे, हेही खरं.

१८९६ च्या ऑक्टोबरात बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कार्व्हर अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत शेतकी विभागाचे प्रमुख म्हणून आले. तिथली अडचण निराळीच होती. जमीन कापसाने चोथा झालेली, प्रयोगशाळा म्हणून नाव घ्यावं असं काही नाही. ते एकवेळ चाललं असतं. भंगारातून बाटल्या, झाकणं, तारा गोळा करून सरांनी पोरांकडूनच उपकरणं बनवून घेतली. पण पोरांना शेतीच नको होती! त्यांचे आईबाप गुलाम म्हणून शेतात राबलेले, नंतर दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने राबून कर्जात बुडालेले. शाळेत यायचं ते मातीतून सुटण्यासाठी. अशा पोरांपुढे उभं राहून मातीचंच गुणगान करायचं, म्हणजे विचार करा.

सरांनी गुणगान केलंच नाही. ते पहाटे चारला उठून रानात जायचे. परत येताना हातात नमुने असायचे. कुठलं बुरशी लागलेलं पान, कुठला दगड, कुठला किडा. कोटाला रोज एक ताजं फूल. कोट बहुधा जुनाच, त्याचं त्यांना काही नसे. वर्गात आले की सकाळी काय सापडलं ते दाखवायचे, आणि पुस्तक त्यामागून यायचं. मुलांच्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करून अनोळखीकडे न्यायचं, ही त्यांची पद्धत. चवळीचं रोप उपटून मुळांवरच्या गाठी दाखवायच्या आणि तिथून हवेतला नायट्रोजन जमिनीत कसा येतो तिथवर पोचायचं. मुलंही नमुने आणायला लागली. एकदा म्हणे पोरांनी एका किड्याचं डोकं, दुसऱ्याचं धड, तिसऱ्याचे पाय चिकटवून सरांपुढे ठेवलं आणि भोळेपणाने नाव विचारलं. सरांनी नीट निरखून सांगितलं, की हा 'हंबग' जातीचा बग आहे! हीच गोष्ट डार्विनच्या नावावरही सांगतात, तेव्हा खरीखोटी देव जाणे. पण टस्कीगीच्या पोरांना ती आपल्या सरांची वाटली, यात काय ते आलं.

पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. हेच सर हिशेबात, व्यवस्थापनात अगदी कच्चे होते. त्यांच्याकडे शेताबरोबर कोंबड्यांचा कारभारही होता आणि अंड्यांचे, पिलांचे आकडे कधी जुळत नसत. १९०४ साली त्यावरून चौकशी समिती बसली. सर हळवे आणि मानी. राजीनाम्याची धमकी त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा दिली. सहकारी नाराज, कारण बाकीचे एका खोलीत दोघंदोघं राहत असताना यांनी आल्याआल्या नमुन्यांसाठी वेगळी खोली मागितलेली. १९१० मध्ये त्यांचा विभागच दोन भागांत वाटला गेला. त्यांनाही तोवर वेळापत्रकातले तास नकोसे झाले होते, प्रयोगशाळा हवी होती. पण बुकर वॉशिंग्टन हा शिस्तीचा करडा माणूस तास काढून घ्यायला तयार होईना. त्याने सरांना स्पष्ट लिहून कळवलं, की व्यवस्था बघणं हे तुमचं काम नाही, पण शिकवण्यात आणि मुलांच्या मनात ओढ लावण्यात तुमच्या तोडीची माणसं फार थोडी आहेत. ज्याच्याशी वर्षानुवर्षं खटके उडाले, त्याने दिलेलं हे सर्टिफिकेट आहे. म्हणून मला ते सगळ्या मेडल्सपेक्षा मोलाचं वाटतं.

पुढे वेळापत्रकातले तास कमी होत गेले, पण शिकवणं काही थांबलं नाही. १९०६ साली जेसप वॅगन निघाली. म्हणजे घोडागाडीवर नांगर, बियाणं, लोणी काढायची यंत्रं लादून खेड्याखेड्यातल्या शेतकऱ्यांच्या अंगणात जाणारी शाळा. ती गाडी घेऊन फिरणारा थॉमस कॅम्पबेल हा टस्कीगीतच शिकलेला. तो केंद्र सरकारच्या शेतीखात्याचा पहिला कृष्णवर्णीय विस्तार अधिकारी ठरला. कापसावर बोंडअळीसारखी भुंग्याची कीड आली तेव्हा चवळी लावा, रताळी लावा, भुईमूग लावा, असं सर सांगत होते. पिकलेल्या भुईमुगाचं करायचं काय, म्हणून १९१६ साली त्यांनी एक पुस्तिका काढली, त्यात भुईमूग कसा पिकवायचा ते आणि खाण्याचे १०५ प्रकार. त्या प्रसिद्ध यादीमागे हे कारण होतं. गरीब शेतकऱ्याच्या बायकोला संध्याकाळी चुलीवर काय शिजवता येईल, हा त्यातला खरा प्रश्न.

१९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला काँग्रेसच्या समितीपुढे आयात शेंगदाण्यावरच्या जकातीसंबंधी बोलायला त्यांना बोलावलं. दहा मिनिटं दिली होती. एका सभासदाने रंगावरून टोमणा मारून सुरुवात केली. सरांनी पेटी उघडली आणि एकेक बाटली टेबलावर काढायला लागले. थोड्या वेळाने अध्यक्षांनी वेळेचं बंधनच काढून टाकलं. खासदार मंडळी वर्गातल्या पोरांसारखी माना पुढे काढून बघत होती.

१९२३-२४ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलायनात ब्लू रिज इथे वायएमसीएच्या शिबिरात दक्षिणेतल्या गोऱ्या कॉलेजकुमारांपुढे ते बोलले. लक्षात घ्या, हा तो काळ, जेव्हा त्या मुलांच्या गावात सरांना त्यांच्या शेजारी बसून जेवताही आलं नसतं. त्यातली कित्येक मुलं पुढे वर्षानुवर्षं त्यांना पत्रं लिहीत राहिली आणि सर त्यांना आपली मुलं म्हणत राहिले. स्वतःचा संसार त्यांनी कधी केला नाही.

आणि रविवारचा वर्ग. १९०७ च्या सुमारास काही मुलांनी बायबल शिकवा म्हणून विनंती केली, आणि रविवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर सरांनी वर्ग सुरू केला. हजेरी नाही, मार्क नाहीत, सक्ती नाही. आठवडाभर घंटेच्या शिस्तीत अडकलेल्या मुलांना रविवारची संध्याकाळ तेवढी मोकळी, तरी मुलं यायची, आणि वाढत वाढत शेकड्यांनी यायला लागली. सर गोष्टी नुसत्या सांगत नसत, करून दाखवत. सोबत झाडंपानं, दगड हे असायचंच. असा तो वर्ग जवळजवळ तीस वर्षं चालला.

 आयुष्यभराची शिल्लक, सुमारे साठ हजार डॉलर्स, संशोधनासाठी संस्थेला दिली. ५ जानेवारी १९४३ ला, जिन्यावरून पडल्यानंतरच्या आजारपणात ते गेले. टस्कीगीला बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांना पुरलं आहे. दोघांचं आता बरं जमत असेल! त्याच वर्षी डायमंडची त्यांची जन्मभूमी राष्ट्रीय स्मारक झाली.

या रविवारच्या वर्गाबद्दल वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. कारण रविवारचा वर्ग मीही घेते. आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत. हजेरी आहे, पण मार्क नाहीत, आणि सक्ती आहे ती फक्त आईबाबांची. त्या वर्षी माझ्या वर्गात चौदा मुलं होती, त्यातली नऊ उरली होती. दोष मी सॉकरला दिला होता, बर्थडे पार्ट्यांना दिला होता, पालकांना दिला होता. आपण वर्गात शिरताना आपला चेहरा कसा असतो, हे बघितलं नव्हतं. आठवडाभराच्या नोकरीनंतर दमून, छापील वर्कशीट वाटून, घड्याळाकडे बघत शिकवणारी बाई त्या मुलांना दिसत होती. मराठी ही कंटाळ्याची गोष्ट आहे, हे मीच त्यांना दर रविवारी न बोलता शिकवत होते की!

पुढच्या रविवारी वर्कशीट नेली नाही. इंडियन ग्रोसरीतून पिशवीभर शेंगा नेल्या. आजोळी सांगली जिल्ह्यात आमचा भुईमूग असायचा. पिवळं फूल कोमेजतं, मग त्यातून आऱ्या सुटतात, त्या वाकून जमिनीत शिरतात आणि शेंग धरते ती मातीच्या आत, हे मी लहानपणी आजोबांच्या मागे उकिडवी बसून पाहिलं होतं. ते सांगता सांगता मी खरंच शेतात पोचले. हातवारे काय, जमिनीवर बसून दाखवणं काय! भानावर आले तेव्हा नऊच्या नऊ पोरं माझ्याभोवती जमिनीवर बसली होती. एकाने विचारलं, आऱ्या कसं लिहायचं? तो 'ऱ्य' काढायला मला मागच्या वर्षी दोन रविवार पुरले नव्हते.

दर रविवारी असं होतं असं मुळीच नाही. कधी मी दमलेली असते, कधी मुलं. पण आता शनिवारी रात्री वर्कशीट छापण्याआधी मी स्वतःला विचारते, की यातलं मला काय आवडतं? काहीच नाही असं उत्तर आलं, तर ते पान बदलते.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर बघते तर हॉलभर टरफलं! आता मराठी शाळेत, शेंगा खाऊन झाल्यावर, टरफलं कुणी टाकली म्हणून विचारायची माझी काय बिशाद? लोकमान्यांची गोष्ट मीच गेल्या महिन्यात शिकवली होती. मुकाट्याने झाडू घेतला.